नांगर, खबर आणि तेलातला गाळ

गेल्या विकांताला सांगलीला गेलो होतो. कारण तसं घरगुती. माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून लाकडी घाणा टाकलाय. शेंगदाण्याचं, करडईचं, खोबऱ्याचं तेल. अर्थातच कर्ज काढून. तेल एकदम झकास असतं (दर खेपेला पाच लिटरचा डबा पुण्याला आणतो, आणि हो, पैसे देऊन!). पण गिऱ्हाईक म्हणावं तसं वाढत नाहीये आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. तेव्हा फोनवर फर्मान निघालं, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना? मग ते इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपचं काहीतरी बसवून दे की. रोज एक पडलं पाहिजे. आणि मला बघायला लागू नये."

"मला बघायला लागू नये" ही रिक्वायरमेंट ऐकली की आमच्या जमातीला स्फुरणच चढतं. शुक्रवारी रात्री बसलो, एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, एआयच्या मॉडेलला चार ओळी सांगितल्या आणि तासाभरात तीन महिन्यांचा मजकूर तयार. नव्वद नग! शनिवारी सकाळी चहाबरोबर त्यातला एक मावशीला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. निसर्गाची कूस, परंपरेचा वारसा, आरोग्याचा खजिना वगैरे सगळं होतं त्यात. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान आहे रे. कुणाच्या घाण्याचं आहे हे?"

विकेट!

मग दिवसभर घाण्यावर जाऊन बसलो. येणारं प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक एकच विचारत होतं. तेलाच्या तळाशी गाळ बसतो, तो कशाचा? भेसळ आहे का? आणि पुढचा प्रश्न ठरलेला, की पिशवीतल्या तेलापेक्षा हे इतकं महाग कसं? भाऊ बिचारा प्रत्येकाला तेच उत्तर देत होता. माझ्या नव्वद नगांत मात्र गाळाचा 'गा' सुद्धा नव्हता. मी म्हटलं, यावरच लिही की. तर म्हणतो, "येडा आहेस का दादा? ज्याला माहीत नाही त्यालापण कळंल की गाळ असतो म्हणून."

हा प्रश्न डोक्यात घेऊनच रविवारी परत निघालो, आणि गाडी थांबली किर्लोस्करवाडीला. या स्टेशनावरून मी शंभरदा तरी गेलो असेन, पण पाटीकडे नीट बघितलं ते पहिल्यांदाच. कारण भाऊ आज जिथे अडकलाय तिथेच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या वाडीचा मालक अडकला होता. फक्त त्याचा गाळ वेगळा होता.

थोडा फ्लॅशबॅक. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म 1869. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे आपलं व्हीजेटीआय) शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्यालाच मिळाली. मग नोकरीला रामराम. 1888 साली बेळगावात सुरू झालेलं सायकलचं दुकान, हे या उद्योगाचं मूळ. त्यानंतर कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर.

नांगर चांगला होता. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर खोल जाऊन माती पलटी करतो. पण शेतकऱ्यांच्या मनात एक पक्की भीती होती, की लोखंडाने जमीन विषारी होते. आज हसू येतं, पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. आहे ती एवढीच जमीन, तीच पोटाला घालते, आणि कोणीतरी शिकलेला येऊन सांगतोय की हिच्यात हे नवीन लोखंड घाल. एक हंगाम चुकला तर काय, याचं उत्तर त्या शिकलेल्याला द्यायचं नाहीये. या भीतीपायी पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आपल्याकडे दोन आठवड्यांत ट्रॅफिक आलं नाही तर प्रॉडक्ट बंद करून टाकतात.

या भीतीवर जाहिरातीचा काही उपयोग नव्हता. 'आमचा नांगर सर्वोत्तम' असं कितीही मोठ्या टायपात छापलं तरी शेतकऱ्याचा प्रश्न तो नव्हताच. त्याचा प्रश्न होता, माझ्या जमिनीचं काय होईल? याचं उत्तर शेतातच मिळणार होतं, नांगरलेल्या जमिनीत आलेलं पीक बघून, आणि शेजाऱ्याचं ऐकून.

पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, वर दहा हजार रुपये कर्ज दिलं. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर मार्च 1910 मध्ये वसाहत सुरू झाली, आणि कुंडल रोडचं पुढे किर्लोस्करवाडी झालं.

आता मुद्द्यावर येतो. 1920 च्या जानेवारीत 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही लिमिटेड कंपनी झाली. म्हणजे आता गिऱ्हाइकांच्या जोडीला भागधारकही आले. ही सगळी माणसं गावोगाव विखुरलेली आणि कारखाना एका आडबाजूच्या स्टेशनाशेजारी. यांच्याशी बोलायचं कसं? त्याच वर्षी वाडीतून एक मासिक निघालं, 'किर्लोस्कर खबर'. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. मूळचा चित्रकार माणूस. कारखान्याची जाहिरातही तेच बघायचे. सुरुवातीला खबर म्हणजे अक्षरशः खबरच होती, कारखान्याची आणि मालाची. हळूहळू त्यात उद्योग, स्वावलंबन, आरोग्य, माणसांच्या धडपडीच्या गोष्टी असं बरंच काही यायला लागलं. शंकररावांची 'टाकाच्या फेकी' ही व्यंगचित्रंही त्यातलीच.

गंमत म्हणजे असं करणारे ते जगात एकटे नव्हते. अमेरिकेत शेतीची अवजारं बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने 1895 पासून 'द फरो' नावाचं शेतीचं नियतकालिक चालवलं. फरो म्हणजे नांगराने पडलेलं तास! फ्रान्समध्ये मिशलाँ या टायर कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करायचा अशी माहिती. तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये तीनेक हजार मोटारी असतील, पण छापल्या 35,000 प्रती. त्याही फुकट. पुढे म्हणे एका गॅरेजमध्ये टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून त्यांची पुस्तिका सरकवलेली दिसली, आणि 1920 पासून त्यांनी तिला किंमत लावली. (कंपनी स्वतःच ही गोष्ट सांगते, तेव्हा थोडं मीठ लावून घ्या.) माझ्या नव्वद नगांचं भवितव्य मला त्या टेबलाखाली स्पष्ट दिसलं.

पण किर्लोस्करांच्या गोष्टीतला क्रम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी नांगर, मग खबर. लिहायला बसले तेव्हा या लोकांच्या गाठीशी दीड तपाचा अनुभव होता. शेतकरी कशाला घाबरतो, कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. 'कंटेंट कुठून आणायचा' हा आजचा लाडका प्रश्न त्यांना पडलाच नसणार. तो कारखान्याच्या दारात रोज येऊन उभा राहत होता.

दुसरी गोष्ट नेमाची. मासिक म्हणजे दर महिन्याला अंक. विक्री चांगली असो नसो, अंक निघालाच पाहिजे. आपल्याला 'रोज एक पडलं पाहिजे' यातलं फक्त 'रोज' ऐकू येतं. पण नेम हा वाचकाला दिलेला शब्द असतो, आणि शब्द द्यायचा तर देणारा माणूस लागतो. स्क्रिप्टने पाळलेल्या शब्दाला काय किंमत?

आणि तिसरी गोष्ट, जी कोणत्याही मार्केटिंगच्या कोर्समध्ये सांगत नाहीत. वाचक एकदा खरोखर आपला झाला की तो फक्त आपल्या मालाविषयी ऐकून घेत नाही. 'खबर' हा शब्द पुढे गळाला, मासिक नुसतं 'किर्लोस्कर' झालं. 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'. नांगर विकणाऱ्यांच्या घरातून निघालेली ही मासिकं आता सामाजिक सुधारणेवर, बायकांच्या प्रश्नांवर बोलत होती. तिसाच्या दशकात सावरकरांचे पोथीनिष्ठेवर आसूड ओढणारे लेख 'किर्लोस्कर'मध्येच येत होते. विचार करा, ज्याला अवजार विकायचंय त्याच शेतकऱ्याच्या घरातल्या समजुतींवर टीका छापायची! आजचा ब्रँड मॅनेजर चक्कर येऊन पडेल. नुसती विक्री बघायची असती तर हे करायची काहीच गरज नव्हती. मला वाटतं, जी मंडळी 'लोखंडाने जमीन विषारी होत नाही' हे पटवण्यात उमेदीची वर्षं घालवतात, त्यांना पुढे सोयीचं तेवढंच बोलणं जमत नसावं.

आपल्या आईच्या, आजीच्या पिढीला विचारून बघा. 'स्त्री'चे अंक बऱ्याच जणींना आठवतील. त्या मासिकाचा एका नांगराशी संबंध आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

असो. पुण्याला पोहोचल्यावर भावाला फोन केला. म्हटलं, ती स्क्रिप्ट मी डिलीट केलीय. आता तू स्वतः मोबाईल घे, घाण्यापाशी उभा राहा आणि गाळ दाखव. सांग की हे तेल रसायनं वापरून शुद्ध केलेलं नाही, नुसतं निवळायला ठेवतो. दाण्याचा बारीक चोथा तळाला बसतो, तोच हा गाळ. एक किलो तेलाला अडीचेक किलो शेंगदाणे लागतात, हेही सांग, मग भाव आपोआप कळेल. आणि दर रविवारी एकच टाक. पण चुकवू नकोस.

"आणि दादा, गिऱ्हाईक पळालं तर?"

खरं सांगतो, याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हप्ता त्याचा आहे, माझा नाही. शेतकऱ्याच्या जमिनीबद्दल बोलणाऱ्या त्या शिकलेल्या माणसाच्या जागी या वेळी मीच होतो. म्हणून एवढंच म्हटलं, की सहा महिने करून बघ, आणि तोवर माझे दोन डबे महिन्याला पक्के धर.

रविवारी रात्री त्याचा पहिला व्हिडिओ आला. हात थरथरतोय, मागे घाण्याचा आवाज, मध्येच मावशी विचारतेय, "जेवायला येतोस का?" त्याने ते कापलंही नाहीये. बाटली उजेडात धरून म्हणतो, "हा बघा गाळ."

या वेळी कुणाच्या घाण्याचं आहे, हे विचारायची गरज पडली नाही.