न कापलेल्या बाहुल्या

जुन्या खेळण्यांच्या संग्रहात झिजलेला रंग किंवा तुटलेले चाक दिसले, की कुणीतरी या वस्तूशी खेळले होते एवढे तरी कळते. छापील कागदी बाहुल्यांच्या बाबतीत मात्र हा पुरावा उलटा वाचावा लागतो.

फ्रान्समध्ये या बाहुलीला 'पाँतँ' म्हणत. धड, हात आणि पाय एकाच कागदावर सुटे छापलेले असत. कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, तुकडे कापायचे, सांध्यांशी भोके पाडून ते दोऱ्याने जोडायचे आणि मागे एक दोरी सोडायची. दोरी ओढली की हातपाय एकदम वर उडत. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर नाचणाऱ्या माणसालाही फ्रेंच भाषेत पुढे हाच शब्द लागू झाला.

पॅरिसमधील वकील एदमाँ बार्बिए याने १७४७ च्या आपल्या रोजनिशीत या बाहुल्यांची नोंद केली आहे. आदल्या वर्षी मुलांसाठी निघालेले हे खेळणे पाहता पाहता मोठ्यांचे वेड बनले, असे तो सांगतो. हार्लेक्विन, स्कारामूश, मेंढपाळ अशी त्यांची रूपे होती. बूशे या प्रसिद्ध चित्रकाराने रंगविलेल्या एका बाहुलीसाठी शार्त्रच्या डचेसने १५०० लिव्र मोजल्याचेही त्याने लिहिले आहे. ही नोंद मोलाची खरी. पण ती झाली कशामुळे? खेळणे दिवाणखान्यात शिरले म्हणून. ते केवळ मुलांच्या हाती राहिले असते, तर बार्बिएने लेखणी उचलली असती असे वाटत नाही.

फॅशन ओसरल्यावर बाहुली पुन्हा मुलांकडे आली. ज्याँ-शार्ल पेलरँ याने १७९६ मध्ये एपिनाल या गावी चित्रांचा छापखाना काढला. संतांची आणि नेपोलियनच्या लढायांची चित्रे तेथे लाकडी ठशांवरून छापली जात, आणि कापलेले साचे कागदावर ठेवून त्यांत रंग भरले जात. पुढे शिळाछपाई आली. फेरीवाल्यांनी ही चित्रे खेडोपाडी नेली. एकोणिसाव्या शतकात याच छापखान्यातून मुलांसाठी सैनिकांचे आणि पाँतँचे कागद निघाले. रंग अनेकदा रेषेबाहेर जाई. पण कागद स्वस्त होता आणि तो कापण्यासाठीच होता.

येथेच इतिहासकाराची अडचण सुरू होते. आज संग्रहांत जे कागद कोरे करकरीत दिसतात, ते कात्री न लागल्यामुळेच तसे राहिले. जे कापले गेले, जोडले गेले, नाचले, त्यांपैकी बहुतेक फाटून नाहीसे झाले. म्हणजे ज्या प्रतींनी आपले काम पूर्ण केले त्या गेल्या. जे खेळणे कधी खेळणे झालेच नाही, ते 'दुर्मीळ' ठरले. त्यांच्या आधारे छापखान्याचा, चित्रशैलीचा इतिहास लिहिता येईल. खेळाचा इतिहास मात्र त्या कागदांवर नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण परकी वाटू नये. जोडपाने न फाडलेले जुने पुस्तक ग्रंथालयात जपलेले सापडते, तेव्हा ते छापले गेल्याचे सिद्ध होते. वाचले गेल्याचे नव्हे. हातोहात फिरून चिंध्या झालेली प्रत बहुधा सूचीत नसते. म्हणून मुलांच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिताना उरलेल्या प्रतींची मोजदाद करण्याबरोबरच, त्या का उरल्या हेही विचारायला हवे. एखादा न कापलेला पाँतँ समोर आला, की त्याच्या सुट्या हातापायांकडे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.