क्रीडा आणि शिक्षण : चिकित्सक दृष्टिकोन

खेळामुळे मुलांत शिस्त, संघभावना आणि चारित्र्य आपोआप रुजते, या समजुतीची तपासणी करणारी विचारपरंपरा. तिचा आक्षेप मुलांच्या खेळण्यावर नाही. शाळेने खेळाला जे रूप दिले, म्हणजे संघनिवड, गुणफलक, चषक आणि प्रमाणपत्रे, त्यावर तिचा रोख आहे.

ही समजूत एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या निवासी शाळांत घडली. १८५१ मध्ये मार्लबरो शाळेतील विद्यार्थ्यांनी बंड केले. त्यानंतर आलेले मुख्याध्यापक जी. ई. एल. कॉटन यांनी मुलांचा मोकळा वेळ सक्तीच्या खेळांत गुंतवून शाळा ताब्यात आणली. तेथे खेळ आधी बंदोबस्तासाठी आला. चारित्र्याची भाषा त्यावर नंतर चढली. टॉमस ह्यूझ यांच्या १८५७ च्या शालेय कादंबरीने ती घरोघर पोहोचवली आणि शाळांची चौकशी करणाऱ्या क्लॅरेंडन आयोगाच्या १८६४ च्या अहवालाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. रग्बी शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांना या क्रीडापंथाचे जनक मानतात, पण त्यांना स्वतःला खेळांत फारसा रस नव्हता. इतिहासकार जे. ए. मँगन यांनी १९८१ च्या ग्रंथात हा सारा प्रवास उलगडून दाखवला.

वसाहतींत याच शिक्षणाची दुसरी बाजू दिसते. १८९१ मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत मिशनरी शिक्षक टिंडेल-बिस्को यांनी मुंबईहून आणलेला चामड्याचा फुटबॉल मुलांपुढे ठेवला. मुले बहुतेक काश्मिरी पंडितांची. चामड्याला शिवणे त्यांना निषिद्ध होते, म्हणून त्यांनी नकार दिला. काठ्या घेतलेले शिक्षक मैदानाभोवती उभे करून त्यांना खेळायला लावले गेले. चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला, तो रडू लागला आणि विटाळाच्या भीतीने सारे थबकले. त्याचे तोंड धुवायला लावून खेळ पुन्हा सुरू झाला. बिस्को यांनी हा प्रसंग अभिमानाने नोंदवला. पुढे याच शाळेतील मुले पुरात आणि आगीत लोकांच्या मदतीला धावली, हेही खरे. तेवढ्याने काठीचा प्रश्न मिटत नाही.

मैदान सर्वांना समान लेखते, हा दावा पुण्यातच खोटा ठरला होता. क्रिकेटपटू पाळवणकर बाळू चर्मकार समाजातले. क्रिकेट त्यांना शाळेने शिकवले नाही. इंग्रजांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता आणि गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते घडले. हिंदू संघात त्यांचे बळी चालत, मात्र चहा त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. त्यांना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते पद १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी १९६३ च्या क्रिकेटविषयक ग्रंथात खेळातून मिळणाऱ्या शिक्षणाची ताकद मान्य केली आणि रंगभेदाशी असलेली त्याची गाठही दाखवली. या विषयावर इतके प्रामाणिक लेखन क्वचितच सापडते.

सैद्धान्तिक टीका मुख्यतः युरोपीय डाव्या विचारांतून आली. १९६९ मध्ये जर्मनीत बेरो रिगाउअर यांनी क्रीडासरावाची तुलना कारखान्यातील कामाशी केली. फ्रान्सचे झां-मारी ब्रोम यांना विक्रमांच्या मोजमापात भांडवली व्यवस्थेचीच शिस्त दिसली. या मांडणीत खेळण्याचा आनंद जवळजवळ गायब होतो. तिची खरी उणीव तीच.

स्पर्धेचा शैक्षणिक प्रश्न कल्याणच्या एका सामन्यात ठळक दिसतो. जानेवारी २०१६ मध्ये आंतरशालेय स्पर्धेत प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. त्याचा पराक्रम निर्विवाद आहे. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रतिस्पर्धी शाळा ३१ आणि ५२ धावांत बाद झाली. बातम्या विक्रमाच्या झाल्या. समोर चेंडू टाकत आणि अडवत राहिलेल्या मुलांना त्या दोन दिवसांतून काय शिकायला मिळाले, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. चिकित्सक अभ्यासक नेमका तेथून आरंभ करतो.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. ग्रामीण खेळाडूंना त्याचा मोठा आधार झाला. मात्र गुण आणि नोकरी प्रमाणपत्राला चिकटल्यामुळे बनावट प्रमाणपत्रेही निघाली. उरलेल्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला पी.टी.चा तास येतो, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणित-विज्ञानाकडे जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगणाची अट आहे, तरी शहरांतील कितीतरी शाळांची मुले गच्चीवर किंवा वाहनतळावर कवायत करतात.

पर्याय म्हणून नॉर्वेचा दाखला दिला जातो. तेथील क्रीडा महासंघाच्या २००७ च्या नियमांनुसार अकराव्या वर्षापूर्वी निकालांचे तक्ते लावायचे नाहीत, बक्षिसे दिलीच तर सर्वांना द्यायची आणि तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. भारतात १४ वर्षांखालील गटाच्या शालेय स्पर्धा थेट राष्ट्रीय पातळीपर्यंत खेळवल्या जातात.