ऑनलाइन अभ्यासक्रम-रचना

विद्यार्थिसंख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली तरी अध्यापनाचा दर्जा ढळू नये, अशा बेताने आंतरजालावरील अभ्यासक्रमाचे पाठ, सराव, शंकानिरसन व मूल्यमापन आखण्याची पद्धती. यातील मूळ अडचण अशी, की एकदा तयार झालेली चित्रफीत दहा जणांनी पाहिली काय किंवा दहा हजारांनी, खर्चात फारसा फरक पडत नाही. उत्तर वाचून कोठे चुकले हे सांगणारे शिक्षक मात्र संख्येच्या प्रमाणातच लागतात.

कोल्हापूर परिसराला हा प्रश्न आंतरजालापूर्वीच्या दूरशिक्षणापासून परिचित आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने २००७-०८ मध्ये दूरशिक्षण केंद्र सुरू केले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (स्थापना १९८९) विभागीय केंद्रही शहरात आहे. या पद्धतीत स्वयंअध्ययन साहित्य, म्हणजे शिक्षक समोर नसतानाही समजावे अशा रीतीने स्वाध्यायांसह लिहिलेली पुस्तके, मध्यवर्ती ठिकाणी सिद्ध होते, तर संपर्कसत्रे, म्हणजे ठरावीक दिवशीची समोरासमोरची मार्गदर्शनसत्रे, ठिकठिकाणच्या अभ्यासकेंद्रांवर भरतात. साहित्य एका ठिकाणी आणि मार्गदर्शक अनेक ठिकाणी, ही विभागणी ऑनलाइन अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी उचलण्याजोगी आहे. प्रत्यक्षात मात्र अनेकदा वर्गातील तासाभराचे व्याख्यान चित्रित करून त्यालाच अभ्यासक्रम म्हटले जाते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सहना मूर्ती, श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी मांडलेल्या विद्यार्थिकेंद्री प्रतिमानात चित्रफीत छोटी असते आणि मध्येच थांबून विद्यार्थ्याला प्रश्न सोडवायला लावते; त्यानंतर तत्काळ प्रतिसाद देणारा सराव, आवडीप्रमाणे पुढील वाचन आणि विषयाला धरून आखलेली परस्परचर्चा येते. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांच्या पाठाची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी नवशिक्याकडून तपासून घेतली जाते, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले जाते. ही पूर्वतपासणी हजारो शंका उद्भवण्याआधीच मिटवते, म्हणून विस्ताराच्या दृष्टीने ती सर्वांत किफायतशीर ठरते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ मंचावर चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा व मूल्यमापन ही चार अंगे अपेक्षित आहेत. पहिली दोन संख्येबरोबर सहज वाढतात. चर्चेला मात्र मार्गदर्शक नेमावेच लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम या मंचावरून पूर्ण करता येतात.