शिवार चौक

पिंपळे सौदागरला शिवार चौक आहे, शिवार राहिलं नाही. 2000 च्या आगेमागे हिंजवडीत एमआयडीसीचं आयटी पार्क उभं राहिलं. तिथं सरकारनं जमीन संपादन केली. आमच्याकडं मात्र बिल्डरच बांधावर आले, कारण इंजिनियर पोरांना जवळ घरं पाहिजे होती. एकराचा भाव गुंठ्यावर आला. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट घेतले त्यांना आज भाडं येतंय. रोख घेतलेल्या बऱ्याच जणांची गाडी आली अन् पैसा गेला. आम्ही रोखीतून शिरूरकडं शेत घेतलं, म्हणून अजून ऊस लावतोय.

पण बहिणींचं काय? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा हक्क 2005 च्या कायद्यानं देशभर दिला, महाराष्ट्रात तर 1994 लाच. तरी साडीचोळीवर हक्कसोडपत्रं झाली. माझ्या थोरल्या बहिणीनंही सही केली. पेन मीच दिला होता.