सेवाग्रामला बांधलेली दोरी

उर्दू माध्यमाच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाला 'कशिश-ए-सक़ल' म्हणतात आणि लंबकाला 'रक़्क़ास'. रक़्क़ास म्हणजे नाचणारा. हा शब्द फळ्यावर लिहिला की दहावीच्या वर्गात दर वर्षी हसू फुटते. हसून झाले की मुले '९.८' हा आकडा पाठ करतात आणि धडा संपतो. मीही बी.एड.पर्यंत तेच केले. हे ९.८ कुणी मोजले, कशाने मोजले, हे मला कुणी विचारले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही.

शाळेची सहल सेवाग्रामला न्यायचे ठरले तेव्हा मी पिशवीत बारीक सुती दोरी, मीटरची टेप आणि घरातले एक कुलूप टाकले. कुलूप अलीगढचे होते. त्याचा योगायोग पुढे येईल. बापू कुटी पाहून झाली, कमरेला लटकणाऱ्या त्या प्रसिद्ध घड्याळाची गोष्ट सांगून झाली. मग आश्रमाबाहेर रस्त्याकडेच्या निंबाच्या जाड फांदीला आम्ही दोरी बांधली. फांदीपासून कुलपाच्या गाठीपर्यंत बरोबर एक मीटर. कुलूप थोडेसे बाजूला ओढून सोडायचे आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोबाईलमधल्या घड्याळावर बघायचे.

वीसच का? एक झोका मोजला तर बटण दाबायला बोटाला झालेला उशीर सगळाच्या सगळा त्या एका झोक्यावर पडतो. वीस मोजले की तो वीसात वाटला जातो. मुलांना आधी वाटत होते की जड वस्तू लवकर झुलेल. म्हणून कुलपाच्या जागी दगड बांधून पाहिला. फरक जवळजवळ नाही. मग झोका थोडा लहान-मोठा करून पाहिला, तरी तेच. वेळ बदलली ती फक्त दोरीची लांबी बदलल्यावर.

कुलपाच्या वीस झोक्यांना ४०.८ सेकंद लागले, म्हणजे एका झोक्याला २.०४. सूत्र सोपे आहे: लांबीला ३९.४८ने गुणायचे आणि एका झोक्याच्या वेळेच्या वर्गाने भागायचे. उत्तर आले ९.४९. मुलांचे चेहरे उतरले. "मॅडम, किताब में तो ९.८ है," एक मुलगी म्हणाली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच कुलूप हातात घेऊन पाहू लागली आणि म्हणाली, "वजन गाठीत कुठे आहे? वजन तर कुलपाच्या पोटात आहे." गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत टेप लावली तर तीन सेंटिमीटर भरले. आमची दोरी एक मीटरची नव्हती, एक मीटर तीन सेंटिमीटरची होती. पुन्हा हिशेब केला: ९.७७.

इथे मला एक गोष्ट खरी सांगावी लागली. आमच्या बोटाच्या घाईगडबडीने या उत्तरात दहाव्या भागाइतकी चूक सहज असू शकते. म्हणजे ९.६७ ते ९.८७ यांत कुठेही. पुस्तकातला ९.८ हा आकडाही काही सगळ्या जगाचा नाही. विषुववृत्तावर तो सुमारे ९.७८ आहे, ध्रुवांवर सुमारे ९.८३. सेवाग्रामच्या अक्षांशावर ९.७९च्या आसपास येतो. हा फरक आमच्या दोरीला दिसणे शक्य नव्हते. तो दिसायला आधी घड्याळ लागले.

डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ बनवले. १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ असे घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला, म्हणजे विषुववृत्ताजवळ गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे ते घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक काही मिलिमीटरांनी आखूड करावा लागला. घड्याळ बिघडले नव्हते, जमिनीची ओढ कमी होती. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे असे न्यूटनने मांडले तेव्हा त्याने याच नोंदीचा आधार घेतला.

हे सगळे फार दूरचे वाटत असेल तर वर्धा जिल्ह्यातच राहू. सेवाग्रामहून जवळच असलेल्या हिंगणघाटात विल्यम लॅम्बटनची कबर आहे. सर्व हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजण्याचे काम त्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केले आणि मोजत मोजत उत्तरेकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला तो वारला. एका जागेचा अक्षांश काढायचा तर ताऱ्यांकडे बघावे लागते, आणि तारा डोक्यावरून किती कलला आहे हे ठरवायला 'डोक्यावर' म्हणजे नेमके कुठे ते कळावे लागते. ते सांगतो ओळंबा. गवंडी भिंत बांधताना सोडतो तोच, दोरीला बांधलेले वजन.

लॅम्बटननंतर एव्हरेस्टने काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. तेव्हा लक्षात आले की कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांमधले अंतर जमिनीवर मोजून एक येते आणि ताऱ्यांवरून दुसरे. फरक कोनात पाच सेकंदांपेक्षा थोडा जास्त, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरहून अधिक. कलकत्त्याचे धर्मोपदेशक प्रॅट यांनी हिशेब केला की हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो. पण हिशेबाने हा फरक प्रत्यक्षाच्या तिप्पट यायला हवा होता! म्हणजे एवढा मोठा पहाड, आणि ओढ मात्र कमी. डोंगराखाली हलक्या खडकाची मुळे खोलवर गेलेली असतात, हा विचार १८५५ च्या सुमारास याच कोड्यातून निघाला. पुढे १८६५ पासून कॅप्टन बासेवी लंबक घेऊन देशभर गुरुत्वाकर्षण मोजत फिरला आणि १८७१ मध्ये लडाखच्या उंच, थंड पठारावर मोजता मोजताच मेला.

या सर्व्हेत आपलेही एक नाव आहे आणि ते फार कमी जणांना ठाऊक आहे. सय्यद मीर मोहसिन हुसेन, अर्काटचे कारागीर. सर्व्हेची नाजूक उपकरणे दुरुस्त करणे, थिओडोलाइट पुन्हा उभे करणे ही कामे त्यांनी केली. एव्हरेस्टचा त्यांच्या हातावर मोठा भरवसा होता. १८४०च्या दशकात ते सर्व्हेचे उपकरण-निर्माते झाले. आपण विद्वानांची नावे मिरवतो. कारागिराचे नाव मिरवायची आपल्याला सवय नाही.

हातावरून पुन्हा सेवाग्राम. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. योजना तयार करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, तेव्हा जामिया मिल्लियाचे, पुढे अलीगढचे कुलगुरू. (कुलपाचा योगायोग तो हा.) पानिपतच्या हालींच्या घराण्यातले ख्वाजा गुलामुस्सय्यदैनही समितीत होते. झाकिरसाहेब हांजी करणारे नव्हते. शाळेने आपला खर्च आपणच काढावा यावर फार भर दिला तर शिक्षक गरीब पोरांच्या कष्टावर मुकादमगिरी करू लागतील, असा धोका त्यांनी परिषदेतच बोलून दाखवला होता.

समितीच्या वेळापत्रकात रोज साडेपाच तासांची शाळा आहे. त्यात हस्तोद्योगाला तीन तास वीस मिनिटे, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान दोन्ही मिळून अर्धा तास. पहिल्यांदा वाचले तेव्हा विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला रागच आला. नंतर उमगले की विज्ञान त्या तीन तास वीस मिनिटांतच यायचे होते. फिरवून सोडलेली टकळी सुताला लोंबकळते, तिच्या वजनाने सूत ताणले जाते. कशिश-ए-सक़ल तिथेच हातात असते. ते दाखवणारा शिक्षक मात्र हवा, आणि तो सगळीकडे मिळाला नाही हे या योजनेचे दुखणे.

आपल्या लोकांनी या योजनेकडे संशयाने पाहिले. तिच्यात धार्मिक शिक्षणाला जागा नव्हती, आणि मध्य प्रांतात 'विद्यामंदिर' या नावावरून मोठे वादळ उठले. मुस्लिम लीगने वर्धा योजनेला विरोध केला. त्या भीतीतले सगळेच खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण या भांडणात, टकळीबरोबर, हाताने शिकायची गोष्टही आमच्या शाळांच्या दारातून परत गेली असे मला वाटते. उरला तो पाठ केलेला ९.८.

आणि उरला अभिमान. माझ्या वर्गात एक तक्ता होता: 'लंबकाचा शोध इब्न युनूस, काहिरा, दहावे शतक.' तो मीच एका विद्यार्थिनीकडून करून घेतला होता. सहलीच्या तयारीसाठी वाचताना कळले की इब्न युनूस फार मोठे खगोलशास्त्रज्ञ होते, पण त्यांनी लंबक वापरल्याचा काहीही पुरावा नाही. ही कथा १६८४ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या एडवर्ड बर्नार्ड यांच्या लिखाणातून निघाली आणि एकाने दुसऱ्याचे उतरवत आपल्यापर्यंत आली, हे डेव्हिड किंग यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले.

खरे सांगायचे तर मर्वच्या अल-ख़ाज़िनीचे नाव आहेच. त्याने ११२१ च्या सुमारास 'मीज़ान अल-हिकमा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला आणि जगाच्या केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे वस्तूचा 'सिक़्ल', म्हणजे जडपणा, बदलतो असे म्हटले. आपला 'सक़ल' त्याच धातूतला. त्याचे उत्तर मात्र आजच्या विज्ञानाचे नव्हे. दूर गेल्यावर वस्तू जड होते असे तो मानत होता. प्रश्न मात्र बरोबर होता, आणि त्याने तो तराजू हातात घेऊन विचारला होता.

सहलीहून आल्यावर सोमवारी मी तक्ता उतरवला. ज्या मुलीने तो रंगवला होता तीच निंबाखाली कुलपाचे पोट शोधणारी. तिने विचारले, "मॅडम, मेरा चार्ट क्यूँ निकाला?" मी कारण सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो फिर उस पे अपना ९.४९ भी लिखूँ क्या, गलतीवाला?"

आता त्या जागी दोन्ही आकडे आहेत, ९.४९ आणि ९.७७, आणि शेजारी कुलपाचे चित्र.