नाडेपमधला 'डे'

खताचे नाडेप टाके म्हटले की बऱ्याच जणांना ते एखाद्या सरकारी योजनेचे इंग्रजी आद्याक्षरी नाव वाटते. ते माणसाचे नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे. त्यांच्या नावातला 'ना', वडिलांच्या नावातला 'दे', आडनावातला 'प'. मधला 'दे' रोमन लिपीत जाऊन परत येताना 'डे' झाला आणि तसाच रुळला.

या टाक्याचे कुळ शोधत गेले तर मात्र उकिरड्याशी पोचावे लागते. उकिरड्याची दैना म्हणे बारा वर्षांनी फिटते. ती तीन महिन्यांत फेडायचा खटाटोप होळकरांच्या इंदुरात झाला. १९२४ साली तिथे निघालेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताचे प्रयोग मांडले. त्या प्रयोगांवरच्या १९३१च्या पुस्तकावर त्यांच्या जोडीला यशवंत वाड यांचेही नाव आहे. पद्धत 'इंदूर' नावाने जगभर गेली. वाड मागेच राहिले, हे मला खटकते.

पऱ्हाटी, तुराट्या नुसत्या ढिगात टाकल्या तर लवकर कुजत नाहीत. इंदूरला त्या आधी गाडीवाटेवर पसरत. चाकांखाली भरडल्या की गोठ्यात बैलांखाली अंथरत. मग त्या, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख असे खड्ड्यात. खड्डा ३० बाय १४ फूट, खोली जेमतेम दोन. खोल नेला की तळाशी हवा पोचत नाही, आणि हवा नसली की कचरा कुजत नाही, सडतो; नाकाला फरक लगेच कळतो. म्हणून तीनदा सगळे खालीवर करायचे.

घोडे अडते ते इथेच. ओले खत उपसणे म्हणजे कंबरड्याचे काम, आणि ऐन हंगामात मजूर आणायचा कुठून?

पांढरीपांड्यांनी उपसाउपशीच काढून टाकली. १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच असे विटांचे टाके, आणि हवा खेळायला भिंतींना मुद्दाम भोके. आत काडीकचरा, शेणकाला, चाळलेली माती असे थरावर थर. दीड हजार किलो कचऱ्याला शेण अवघे शंभर किलो. वरून शेणमातीने लिंपायचे; पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसला की पुन्हा भरून लिंपायचे, भेग दिसली की बुजवायची. तीन-चार महिन्यांत खत तयार.

नवा गवंडी भोके पाहून हमखास विचारतो, "भिंत टिकेल का?" त्याला सांगायचे, बाकीचे मातीत चालेल, वरचा थर तेवढा सिमेंटात घे.