खटक्याची कुळकथा

कापताना चाकू मिटत नाही. धारेवर दाब आला की पातं आणखी उघडायला बघतं आणि मूठ त्याला तिथंच अडवते. घात होतो तो टोक खुपसताना. भोंगवलीच्या शिवारात भाताच्या गोणीची शिवण उसवायला कुणी खिशातला चाकू काढावा, टोक सुतळीच्या गाठीत अडकावं, हात पुढं रेटला जावा, की पातं उलटं वळून धार थेट बोटांवर येते. मिटत्या चाकूला खटका आला तो या बोटांपायी. समोरच्याला धाक घालायचं काम त्याच्या गळ्यात पुढं पडलं. हिंदी सिनेमानं रामपुरीला घरोघरी नेलं, आणि तेव्हापासून खटका वाजला म्हणजे भांडणच, असं आपल्या डोक्यात बसलं.

आपल्याकडची जुनी हत्यारं या भानगडीत पडलीच नाहीत. कोयता, विळा, खुरपं यांचं शेपूट लाकडी मुठीत ठोकलं की लोहाराचं काम संपलं. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून रानात जाणाऱ्याला त्याची घडी कशाला हवी? गुप्तीचं पातं काठीत लपतं, पण मिटत नाही. गावात खरोखर मिटणारं पातं असायचं ते न्हाव्याच्या धोकटीत. वस्तऱ्याला खटका नाही, कमान नाही. एक खिळा आणि त्याभोवतीचं घर्षण, एवढ्यावर सगळा कारभार. पात्याच्या मागं वळलेली छोटी शेपटी असते, तिच्यावर करंगळी टेकते. वस्तरा सरळ रेषेच्याही पलीकडं उघडतात, त्यामुळं मूठ वर उभी राहते आणि पातं चिमटीत धरता येतं. कुलूप म्हणाल तर ते कारागिराची बोटंच. रोमन काळातले मिटते चाकूही खिळ्यावरच फिरायचे. जपानमधल्या मिकी इथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या हिगोनोकामी चाकूची शेपटी आजही अंगठ्यानं दाबून धरावी लागते.

मग कमान आली. सतराव्या शतकात इंग्लंडातल्या शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी बसवायला सुरुवात केली. पात्याची टाच चौकोनी ठेवायची. तिची सपाट बाजू कमानीखाली आली की पातं थबकतं, कोपरा आला की अडतं, जोर लावला की पुढं जातं. कार्ल एल्सेनर यांनी १८९७ साली नोंदवलेल्या स्विस चाकूत तर एकच कमान दोन्ही बाजूंची पाती सांभाळते. पण कमान नुसती अडवते, रोखून धरत नाही. जोर वाढला की ती हार मानते.

स्पेनच्या नवाहा चाकूंत कमानीलाच भोक पाडलेलं दिसतं. टाचेवरचा दात त्या भोकात शिरला की कमान उचलल्याशिवाय सुटका नाही. काही नवाहांच्या टाचेला दातांची रांगच असते, म्हणून उघडताना करकर आवाज होतो. हीच कल्पना उलटी केली की पाठखटका होतो. त्यात दात पट्टीला असतो आणि खाच टाचेला. पातं पूर्ण उघडलं की दात खाचेत पडतो, आणि मिटायचं तर मुठीच्या पाठीवर दाबायचं. १९६४ च्या अमेरिकी बक ११० नं हा प्रकार जगभर नेला.

आज बाजारात जास्त दिसतो तो पत्र्याचा खटका. त्याचं अमेरिकी पेटंट १९०६ चं आहे, पण आजचं रूप मायकेल वॉकर यांनी १९८० च्या सुमारास दिलं. मुठीतल्या पातळ पत्र्याला लांबट चीर देऊन तो किंचित आत वाकवलेला असतो. पातं उघडलं की पत्रा सरकून टाचेच्या मागं उभा राहतो. एका हातानं उघडतो, एका हातानं मिटतो, म्हणून लोकांना आवडतो. चिखलाच्या कामाला मात्र मी तो देणार नाही. मुठीच्या फटीत माती नि भाताचं कूस साचलं की पत्रा पुरता पोचत नाही. खटका वाजतो, पण टाचेखाली पत्र्याची नुसती कड असते. असा चाकू बिनखटक्याच्या चाकूपेक्षा वाईट, कारण हात त्याच्यावर भरवसा ठेवून रेटतो. घेताना पत्रा टाचेमागं कितपत बसलाय ते डोळ्यांनी बघावं, नुसत्या आवाजावर जाऊ नये.

शेतीला सगळ्यात सोपा खटका फ्रेंच ओपिनेलचा. आल्प्समधल्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली हा लाकडी मुठीचा चाकू काढला, आणि १९५५ साली त्याच्या गळ्यात चिरलेलं फिरतं कडं आलं. कडं फिरवलं की चीर बाजूला जाते आणि पात्याचा परतीचा रस्ता बंद होतो. कडं फिरलंय की नाही ते लांबूनही दिसतं. खोड एकच, पावसाळ्यात लाकूड फुगून पातं आतच आवळलं जातं आणि नखानं निघत नाही. तिकडचे लोक अशा वेळी कडं मोकळं करून मुठीचं बूड टणक जागी आपटतात. टोक वर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं.